क्यूपीआर ऑनलाइन प्रशिक्षण: धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणारा एक तास

आत्महत्येच्या विचारांशी झगडणारे माणूस वेळेत कसे ओळखावे आणि ओळखल्यावर नेमके काय करावे, हे डॉक्टर किंवा समुपदेशक नसलेल्या सामान्य माणसाला शिकवणारे काही अभ्यासक्रम जगभर चालतात. त्यांत क्यूपीआर हे नाव वारंवार समोर येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी 1995 मध्ये हे प्रशिक्षण तयार केले आणि वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील त्यांची संस्था ते चालवते. हृदय बंद पडलेल्या माणसाला जवळ असेल त्याने सीपीआर द्यावा, डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. त्याच धर्तीवर मनाच्या संकटातही पहिला हात जवळच्या माणसाने द्यावा, ही त्यामागची कल्पना आहे. विचारा (क्वेश्चन), पटवा (पर्सुएड) आणि मदतीपर्यंत पोहोचवा (रेफर) अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. वसतिगृहाची जबाबदारी सांभाळणारा शिक्षक म्हणून मी हा अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण केला. शुल्क सुमारे 30 डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांहून थोडे अधिक. वेळ साधारण एक तास. शेवटी छोटी चाचणी आणि प्रमाणपत्र. माझे मत आधीच सांगतो. यातली पहिली पायरी इतकी मोलाची आहे की केवळ तेवढ्यासाठीही हा तास द्यावा. तिसरी पायरी मात्र आपल्याकडच्या माणसाला स्वतःच बांधावी लागते, आणि खुणांची यादी आपल्या घरांत, शेतांत आणि वसतिगृहांत नेऊन पुन्हा एकदा वाचावी लागते.

अभ्यासक्रमाचा सर्वांत सकस भाग म्हणजे या खुणांची मांडणी. उघड बोलणे, आडून बोलणे, वागण्यातील बदल आणि परिस्थिती असे चार गट केलेले आहेत. ‘मला जगायचे नाही’ हे उघड बोलणे झाले, आणि ते कितीही रागाच्या भरात आलेले असले तरी गंभीरपणे घ्यायचे, हा पहिला धडा. आडून बोलणे ओळखायला अधिक कठीण असते, कारण ते रोजच्या संभाषणात मिसळून जाते. ‘लवकरच तुम्हाला माझी काळजी करावी लागणार नाही’, ‘मी नसलो तर घरच्यांचे बरेच होईल’ अशी उदाहरणे अभ्यासक्रमात आहेत. ती ऐकताना आपल्याकडची किती वाक्ये डोळ्यांसमोर येतात! ‘आता माझं काय राहिलंय’, ‘सुटेन एकदाची’, ‘पोरांकडे लक्ष ठेवा’, ‘तुमच्यावर माझा भार कशाला’ ही वाक्ये आपल्या घरांत वैताग म्हणून ऐकली जातात आणि ‘असं अभद्र बोलू नये’ एवढ्यावर बोलणे मिटवले जाते. म्हणणाऱ्याला गप्प बसवून आपण त्याच्याकडची एकुलती एक वाट बंद करतो, हे मला या गटाने फार स्पष्टपणे दाखवले. अर्थात असे प्रत्येक वाक्य ही धोक्याची खूण नसते. पण जे माणूस पूर्वी असे बोलत नव्हते ते आता बोलू लागले असेल, किंवा नेहमीच्या वाक्याला या वेळी वेगळा सूर असेल, तर तिथे थांबलेच पाहिजे.

वागण्यातील बदलांच्या गटात पूर्वी केलेला प्रयत्न, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, व्यवहारांची निरवानिरव, दारू किंवा अन्य व्यसन वाढणे अथवा सुटलेले व्यसन परत लागणे, कारण नसताना चिडणे, देवाधर्मात एकाएकी रस निर्माण होणे किंवा असलेला रस संपणे असे मुद्दे येतात. यातील बहुतेक मुद्दे कुठल्याही देशात लागू पडतील, पण त्यांचे रूप जागेगणिक बदलते, आणि ते रूप प्रशिक्षण घेणाऱ्यालाच शोधावे लागते. शेतकरी कुटुंबात निरवानिरव म्हणजे उसने घेतलेले छोटे पैसे घाईने फेडणे, बैलजोडी विकणे, सातबारा आणि विम्याची कागदपत्रे मुलाच्या हाती देऊन ठेवणे असू शकते. सासरी असलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत ते मुलांना काही कारण काढून माहेरी पाठवणे किंवा आपले दागिने बहिणीकडे ठेवायला देणे असू शकते. वसतिगृहातील विद्यार्थी मित्रांची पुस्तके परत करतो, मेसची थकबाकी चुकती करतो, सगळ्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडतो, जेवायला खाली येणे बंद करतो. वेगवेगळी पाहिली तर यांतील प्रत्येक गोष्ट साधी वाटते; दोन-तीन गोष्टी थोड्या दिवसांत एकत्र दिसल्या आणि त्यांच्यामागे निकाल, कर्ज, मोडलेले नाते किंवा झालेला अपमान असला, तर मात्र विचारायला जायचे.

आणखी एका खुणेवर अधिक वेळ द्यायला हवा होता, असे मला वाटते. अनेक दिवस अस्वस्थ, रडवेले किंवा चिडलेले माणूस अचानक शांत होते तेव्हा घरच्यांना हायसे वाटते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. काही वेळा ती शांतता खरोखर सुधारणेची असते, पण काही वेळा मनात निर्णय झाल्यामुळे आलेली असते. परिस्थितीत काहीच बदललेले नसताना माणूस एकाएकी निवांत झाले, तर काळजी कमी करण्याऐवजी वाढवावी. त्याचप्रमाणे मनोरुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अतिशय जोखमीचे असतात, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलेले आहे. ‘उपचार झाले, आता बरं आहे’ म्हणून नेमक्या याच काळात सोबत ढिली पडते.

माझा एक मतभेद मांडणीबद्दलचा आहे. जोखमीचे घटक आणि धोक्याच्या खुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अभ्यासक्रम त्यांना एकाच यादीत बसवतो. पूर्वीचा प्रयत्न, कुटुंबात झालेली आत्महत्या, दीर्घ आजार, नैराश्य, व्यसन, एकटेपणा, बेरोजगारी हे घटक वर्षानुवर्षे माणसासोबत असतात. ते असलेल्या बहुसंख्य लोकांच्या हातून असे काही होत नाही. धोक्याची खूण मात्र आजची, या आठवड्यातली असते: मरणाबद्दल बोलणे, साधन जवळ करणे, निरोप घेणे, एकाएकी बदलणे. घटक पाहून आपण कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे ते ठरवतो, आणि खूण पाहून आज रात्री त्याच्या खोलीचे दार वाजवायचे की नाही ते ठरवतो. हा भेद महत्त्वाचा का, तर नुसत्या घटकांवरून भाकीत करता येत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पन्नास वर्षांतील 365 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जोखमीच्या घटकांवरून कोण आत्महत्येकडे जाईल हे ओळखण्याची क्षमता केवळ योगायोगापेक्षा किंचित बरी असल्याचे आढळले. म्हणून मनातल्या मनात हिशेब करत बसण्यापेक्षा त्या माणसालाच विचारावे, हा या प्रशिक्षणाचा आग्रह मला पूर्णपणे पटतो.

घटकांची यादीसुद्धा आपल्या वास्तवाशी ताडून पाहायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि त्यांतील सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रातील होत्या. कारणांमध्ये कौटुंबिक समस्या सर्वांत वर, 31.7 टक्के, आणि त्यानंतर आजारपण 18.4 टक्के. शेती क्षेत्रातील 11,290 मृत्यूंपैकी 4,248 आपल्या राज्यातले. विद्यार्थ्यांची संख्या 13,044. आणि ज्या आकड्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते तो गृहिणींचा: 25,309, म्हणजे आत्महत्या केलेल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक. लग्न आणि कुटुंब हे माणसाला सावरून धरतात, असे आपण धरून चालतो. आपल्याकडच्या तरुण विवाहित स्त्रियांच्या बाबतीत हिंसा, एकटेपणा आणि हातात पैसा नसणे हेच घरातून येते, तेव्हा ‘भरल्या घरात आहे, तिला काय होणार’ हा विचारच धोकादायक ठरतो. अमेरिकेतील यादी वाचून हे कळणार नाही. मराठीत कोणी असे प्रशिक्षण तयार करत असेल, तर त्यांनी सुरुवात या 25,309 पासून करावी.

आता पहिल्या पायरीविषयी, जिच्यासाठी मी हा अभ्यासक्रम सुचवतो आहे. प्रश्न सरळ विचारायचा. आडवळणाने सुरुवात केली तरी चालेल, ‘तू इतका त्रासात आहेस, कधी असं वाटतं का की झोपावं आणि उठूच नये?’ असे विचारले तरी चालेल, पण शेवटी नेमक्या शब्दांपर्यंत यायचे: ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ कसे विचारावे यापेक्षा विचारणे महत्त्वाचे, हे तत्त्व अभ्यासक्रमात ठामपणे सांगितले आहे. एक प्रकार मात्र टाळायला सांगितला आहे: ‘तू तसलं काही करणार नाहीस ना?’ हा प्रश्न. आपल्या तोंडी तोच सर्वांत आधी येतो. त्यात ‘नाही’ हेच उत्तर हवे असल्याचे ऐकणाऱ्याला लगेच समजते, आणि तो तेच उत्तर देऊन मोकळा होतो. या छोट्याशा दुरुस्तीसाठी मी या प्रशिक्षणाचा ऋणी आहे, कारण ती दुसऱ्या दिवसापासून वापरता येते. विचारताना खोलीत दुसरे कोणी नसावे, हाताशी भरपूर वेळ असावा, फोन बाजूला असावा, आणि उत्तर ‘हो’ आले तर चेहऱ्यावर धक्का न दाखवता ‘हे सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणता यावे, एवढी तयारी करूनच जावे. मी ही वाक्ये आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिली, आणि प्रत्येकाने तसे करावे असे सुचवतो. वाचताना सोपा वाटणारा हा प्रश्न प्रत्यक्ष उच्चारताना जिभेवर अडतो.

‘विचारल्याने उलट विचार डोक्यात भरेल’ ही भीती आपल्या शिक्षकांमध्ये आणि पालकांमध्ये इतकी घट्ट आहे की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क राज्यातील 6 शाळांमध्ये 2,342 विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या विद्यार्थ्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दलचे प्रश्न विचारले गेले, उरलेल्यांना नाही. ज्यांना विचारले त्यांच्यात अस्वस्थता किंवा तसे विचार वाढल्याचे दिसले नाही. उलट ज्यांना आधीच नैराश्य होते किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्यानंतर त्रास थोडा कमी जाणवला. पालक सभेत हा मुद्दा मांडायचा असेल तर या अभ्यासाचा दाखला पुरेसा आहे.

एका तासाच्या प्रशिक्षणाने माणसे खरोखर बदलतात का, हा प्रश्न कुठल्याही प्रामाणिक परीक्षणात यायलाच हवा. जॉर्जिया राज्यातील 32 शाळांमध्ये क्यूपीआरचीच चाचणी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे ज्ञान वाढले, आत्मविश्वासही वाढला. पण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जाऊन विचारण्याचे प्रमाण मुख्यतः त्यांच्यातच वाढले, जे आधीपासून विद्यार्थ्यांशी त्यांच्या अडचणींबद्दल बोलत होते. शिवाय ज्या मुलांनी पूर्वी प्रयत्न केला होता, तीच मोठ्यांकडे मदत मागायला सर्वांत कमी तयार होती. माझ्या दृष्टीने ही या विषयातील सर्वांत उपयुक्त माहिती आहे. संस्थेने सगळ्यांना एका दुपारी सभागृहात बसवून प्रमाणपत्रे वाटली तर फारसे काही हाती लागणार नाही. वसतिगृहात मुले ज्यांच्याशी आपणहून बोलतात अशी माणसे शोधावी लागतील: मेसच्या मावशी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, ग्रंथालयातील मदतनीस, एखादा वरच्या वर्गातील दादा किंवा ताई. त्यांना आधी शिकवावे. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे नेमकी हीच माणसे त्याच्यापासून दूर राहतात, ही त्याची आपल्यासाठी सर्वांत मोठी मर्यादा आहे.

दुसऱ्या पायरीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण ती बहुतांशी ऐकण्याची आहे. उपदेश करू नये, ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक जगतात’ म्हणू नये, आईवडिलांच्या अश्रूंची आठवण देऊन अपराधी वाटायला लावू नये. गुप्तता पाळण्याचे वचन देऊ नये, हेही मला महत्त्वाचे वाटले. ‘हे मी चारचौघांत सांगणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन’ असे आधीच म्हणावे. मग ‘माझ्यासोबत डॉक्टरांकडे येशील का?’ असा हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि सोबत जावे. नुसता नंबर हातात देणे ही मदत अपुरी, सोबत जाणे ही खरी मदत, हे तिथे नीट समजावले आहे.

तिसऱ्या पायरीवर मात्र अमेरिका संपते आणि आपला जिल्हा सुरू होतो. तिथल्या 988 या मदतवाहिनीच्या क्रमांकाचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याकडे केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक आहे, ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते, आणि मराठीत बोलता येते. जीवाला तात्काळ धोका असेल तर 112. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग आणि पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये ही सरकारी ठिकाणे. पण पत्ते जमवणे हा कामाचा अर्धाच भाग आहे. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, रात्री दोन वाजता कुठल्या रुग्णालयात दाखल करून घेतात, तिथे न्यायला गाडी कोणाची मिळेल, हे प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने आणि ग्रामपंचायतीने आधीच कागदावर लिहून ठेवायला हवे. रस्ता माहीत नसताना माणसाला पटवण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांतली एक भीती परदेशी अभ्यासक्रमात येणार नाही, म्हणून इथे लिहितो. प्रयत्न केलेल्या माणसाला रुग्णालयात नेले तर पोलीस केस होईल, या धास्तीने कुटुंबे उशीर करतात किंवा खोटे कारण सांगतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेतील, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे कलम 309 राहिलेलेच नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच स्वतंत्र कलम आहे. डॉक्टरांना खरे सांगितल्याने उपचार नेमके होतात. हे वाक्य गावोगावच्या आशाताईंच्या तोंडी असायला हवे.

साधने दूर करण्याचा विषयही असाच. अमेरिकेत तो बंदुकीपाशी येतो. आपल्या ग्रामीण भागात कीटकनाशकांपाशी. अनेकदा तीव्र इच्छेची लाट काही वेळाने ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी घातक काही नसणे हेच जीव वाचवते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथले आत्महत्येचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले. घरात कोणी अडचणीत दिसत असेल तर औषधे आणि फवारणीचे डबे घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, हे त्याच दिवशी करावे. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नये.

स्थानिक पातळीवर काय साधता येते, याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात 30 गावांमध्ये गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याबद्दल बोलणे, प्राथमिक समुपदेशन आणि गरजेनुसार डॉक्टरांपर्यंत नेणे असे काम केले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार असणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. एकट्या माणसाने घेतलेल्या एक तासाच्या प्रशिक्षणाशी याची थेट तुलना करणे योग्य नाही. पण अडीच हजार रुपये आणि शंभर कर्मचारी यांचा गुणाकार करणाऱ्या संस्थाचालकांनी, त्याच पैशात मराठी बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ वर्षभर ठरावीक दिवशी आवारात येऊ शकेल का, हेही तपासावे.

शिक्षक, वसतिगृह अधीक्षक, मनुष्यबळ विभागात काम करणारे, परदेशात शिकणाऱ्या किंवा राहणाऱ्या मराठी मंडळांचे कार्यकर्ते, इंग्रजीची अडचण नसलेले पालक यांना मी हा अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवेन. परदेशात राहणाऱ्यांना तर तिसऱ्या पायरीसाठीही तो बराचसा जसाच्या तसा उपयोगी पडेल. मात्र ज्यांच्या घरात अलीकडे आत्महत्येने मृत्यू झाला आहे, त्यांनी तो इतक्यात घेऊ नये. खुणांची यादी त्यांच्यासमोर आली की प्रत्येक ओळ ‘तुला हे दिसायला हवं होतं’ असे म्हणू लागते, आणि ते खरे नाही. मागे वळून पाहताना ज्या खुणा ठळक दिसतात, त्या त्या दिवशी शंभर साध्या गोष्टींत मिसळलेल्या असतात, आणि अनेकदा माणूस त्या कसोशीने लपवतो. अशा कुटुंबाला प्रशिक्षणापेक्षा सोबतीची आणि स्वतःसाठीच्या समुपदेशनाची गरज असते. आणि ही यादी वाचताना ज्यांना त्यात स्वतःचेच वर्णन दिसले, त्यांनी अभ्यासक्रमाचे पान बाजूला ठेवून आत्ता 14416 ला फोन लावावा किंवा घरातल्या, खोलीतल्या, शेजारच्या कोणाला तरी ‘माझ्या मनात असे विचार येत आहेत, माझ्याजवळ बस’ एवढेच सांगावे.